मऊ, कोरडं फडकं

मी घरातल्या कुठल्याही वस्तूला हात लावला की ती वस्तू दुरुस्तीला जाते, असं आमच्या हिचं मत आहे. मत कसलं, ठरावच आहे तो, आणि आमच्या कन्येच्या अनुमोदनानं तो एकमतानं मंजूर झालेला आहे. मला मतदानाचा अधिकार नाही. आता पंख्याचं म्हणाल तर तो आधीपासूनच आवाज करत होता. मिक्सरचं झाकण मी उघडं ठेवलं नव्हतं, ते उघडं होतं. दाराची बेल मी दुरुस्त केल्यावर वाजायची बंद झाली हे खरं आहे, पण त्यामुळे दुपारचे विक्रेते यायचे थांबले, याचं श्रेय मला कुणी दिलं? जाऊ दे. त्या विषयावर मी बोलणार नाही. मला फक्त स्क्रीनचं सांगायचंय.

आमची ही एका कॉलेजच्या लायब्ररीत सहायक ग्रंथपाल आहे. मुख्य ग्रंथपालाची जागा रिकामी आहे आणि खरं म्हणजे ती जागा हीच चालवते, फक्त खुर्चीवर बसत नाही. त्या खुर्चीसाठी हिनं दोनदा मुलाखत दिली आणि दोन्ही वेळा घरी येऊन चपला न काढता तशीच सोफ्यावर बसून राहिली. कारण एकच. भुवईसाहेब.

भुवईसाहेब म्हणजे संस्थेच्या निवड समितीतले एक ज्येष्ठ गृहस्थ. हे मुलाखतीत एक अक्षर बोलत नाहीत. उमेदवारानं तोंड उघडलं की आपली डावी भुवई वर नेतात आणि तिथंच ठेवतात. बस्स. वाचनकक्षात धिंगाणा घालणारी चाळीस टाळकी नुसत्या खाकरण्यानं गप्प करणारी माझी बायको त्या एका भुवईपुढे त-त-प-प करायला लागते. पहिल्या वेळी तिला विचारलं, पुस्तकांचं वर्गीकरण कसं करता? हिची नजर भुवईवर गेली आणि ही म्हणाली, "जाडीनुसार." दुसऱ्या वेळी विचारलं, अनुभव आहे का? ही म्हणाली, "नाही." अख्खी हयात त्या कपाटांत गेली, आणि म्हणे नाही!

आता तिसरी वेळ होती. संस्थेच्या नियमाप्रमाणे एका जागेसाठी तीनदाच मुलाखत देता येते, त्यामुळे ही शेवटची. यंदा मुलाखत कॉम्प्युटरवरून होणार होती. शुक्रवारी संस्थेच्या कारकुनानं आमच्या घरच्या कॉम्प्युटरवर चाचणी घेतली, यंत्राचा क्रमांक लिहून घेतला आणि बजावलं, की सोमवारी सकाळी दहाला याच कॉम्प्युटरवरून हजर राहायचं, दुसरं यंत्र चालणार नाही, मोबाइल तर अजिबातच चालणार नाही. "मीही असेन तेव्हा," तो म्हणाला, "नोंदी घ्यायला."

मी हिला धीर देत म्हणालो, "अगं, बरंच झालं. यावेळी ती भुवई एवढीशी दिसेल, बोटभर."

"आणि नाकापासून वीतभर अंतरावर," ही म्हणाली.

पुरुषमाणसानं धीर देऊ नये हेच खरं.

शनिवारी मला सुट्टी असते, हिला नसते. निघताना हिनं कॉम्प्युटरसमोर उभं राहून डोळे बारीक केले. स्क्रीनवर बोटांचे ठसे होते, कुणाच्या तरी शिंकेचे शिंतोडे होते आणि मधोमध एक तेलकट पट्टा होता, ज्याचा संबंध माझ्या टोस्टशी जोडण्यात येतो. "समोरच्याचं तोंड दिसायला नको का नीट?" ही म्हणाली. "मी आल्यावर पुसेन. तुम्ही हात लावू नका."

हे शेवटचं वाक्य नसतं तर काही झालं नसतं. मी पेपर वाचला असता, झोपलो असतो. पण तुम्ही हात लावू नका? अहो, मी पाणीपुरवठा खात्यात गळती-तक्रार विभागाचा वरिष्ठ लिपिक आहे. अर्ध्या शहराच्या नळांच्या तक्रारी माझ्या टेबलावरून पुढं जातात. जात नाहीत तेव्हाही माझ्याच टेबलावर असतात. त्या माणसाला एक काच पुसता येऊ नये?

मी कन्येच्या खोलीत गेलो. सुट्टीच्या दिवशी ती दुपारपर्यंत पांघरुणात असते. पांघरुणालाच विचारलं, "काय गं, स्क्रीन कशी पुसायची?"

आतून आवाज आला, "कॉम्प्युटर बंद कर. मऊ, कोरडं फडकं घे. हलक्या हातानं पुस. ओलं करायचंच असेल तर फडकं ओलं कर, तेही जरासं, स्क्रीन नाही. झालं. आणि दार लाव, बाबा."

आता मला सांगा, यावर विश्वास कसा ठेवायचा? सरकारी नोकरीत उभं आयुष्य काढलेल्या माणसाला एका ओळीत संपणारं काम हे कामच वाटत नाही. त्यात काहीतरी राहून गेलेलं असणार, अशी रुखरुख लागते. तरी म्हटलं, पोर शिकलेली आहे, तिचंही ऐकावं. कॉम्प्युटर बंद केला आणि मऊ फडकं शोधायला लागलो.

आमच्या घरात फडकी पुष्कळ, पण मऊ एकही नाही. ओट्याचं फडकं ताठ, लादीचं फडकं त्याहून ताठ आणि टॉवेलानं तर भांडी घासता येतील. सगळ्यात मऊ कापड म्हणजे हिच्या चष्म्याच्या डबीतला तो तिकिटाएवढा तुकडा. त्यानं स्क्रीन पुसायला घेतली असती तर निवृत्तीपर्यंत एक कोपरा झाला असता. शेवटी माझ्या लक्षात आलं की घरातली सर्वात मऊ, सर्वात जुनी आणि सर्वात सोशिक वस्तू माझ्या अंगावरच आहे. मी बनियन काढलं.

एक गोष्ट विसरलो. मला घामोळं येतं, त्यामुळे आंघोळीनंतर मी अंगाला पावडर लावतो. जरा सढळ हातानं लावतो. ती पावडर सगळी बनियनमध्ये होती. पहिला हात फिरवला आणि तेलकट पट्टा गेला. गेला म्हणजे दिसेनासा झाला, कारण त्याच्यावर पांढरा थर बसला. दुसरा हात फिरवला तसा थर पसरला. जोरात घासल्यावर तेल आणि पावडर यांचं छान जमलं आणि सबंध स्क्रीनवर दही फासल्यासारखं दिसायला लागलं. मी चष्मा काढून पाहिलं, घालून पाहिलं. काही फरक नाही.

तेवढ्यात दारात ज्ञानकोश उभे.

ज्ञानकोश म्हणजे आमच्या शेजारचे काका. निवृत्त आहेत. कशातून निवृत्त झाले हे कुणालाच माहीत नाही, पण त्यांना सगळं माहीत आहे. आमची बेल बंद असल्यामुळे ते न वाजवताच आत येतात. त्यांनी स्क्रीनकडे पाहिलं, उघड्याबंब माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "कोरडं पुसलंत ना?"

"हो."

"तिथंच चुकलात."

या माणसाला देवानं एवढं एकच वाक्य दिलेलं आहे, पण ते तो कुठंही वापरतो. मी केस कापून आलो तरी ते तेच म्हणतात. पुढं त्यांनी मला समजावलं, की तेलाला कोरडं चालत नाही, तेलाला आंबट लागतं. व्हिनेगर घ्यायचं, निम्मं पाणी घालायचं, बारीक फवारा मारायचा. त्यांच्या मेव्हण्याच्या साडूचा दुकानाच्या काचांचा अनुभव होता.

"पण मुलगी म्हणते, फवारा स्क्रीनवर मारायचा नाही."

"मुलगी काय करते?"

"झोपलीय."

"मग!" ज्ञानकोश म्हणाले.

व्हिनेगर सापडलं. फवाऱ्याची बाटली गॅलरीत कुंड्यांपाशी होती. ती अर्धी भरलेली होती, म्हणजे पाणी आयतंच मिळालं. मी त्यातच व्हिनेगर ओतलं, हलवलं आणि स्क्रीनवर एक फवारा मारला. छान थंडगार वाटलं. दुसरा मारला. तिसऱ्याला फेस आला.

साबणाचं पाणी होतं ते. झाडांवरच्या किडीसाठी हिनं करून ठेवलेलं. एक मात्र सांगतो, आमच्या स्क्रीनवर त्यानंतर एकही कीड दिसलेली नाही.

आता फेस म्हटला की तो धुवावा लागतो, हे लहान मुलालाही कळतं. मी बाटली रिकामी केली, विसळली, साधं पाणी भरलं आणि नेम धरला. तेवढ्यात ज्ञानकोश ओरडले, "थांबा! याचा सगळा कारखाना कुठं आहे?"

आमचा कॉम्प्युटर एका डब्यातला आहे. म्हणजे वेगळा ठोकळा नाही, स्क्रीनच्या पाठीतच सगळी यंत्रं. ज्ञानकोशांनी मागून हात फिरवून सांगितलं, की ऊब खालच्या कडेला लागतेय, म्हणजे कारखाना खाली आहे. वरून पाणी मारलं की ते ओघळून नेमकं कारखान्यात जाणार.

आणि इथं, महाराज, माझ्यातला वरिष्ठ लिपिक जागा झाला. इतर बाबतीत मी लेचापेचा असेन, पण पाण्याच्या बाबतीत कुणाचं ऐकून घेणार नाही. पाणी उताराकडे जातं! हे वाक्य मी तक्रारींच्या उत्तरात इतक्या वेळा लिहिलंय, की झोपेत माझ्या हातून ते लिहिलं जाईल. वरच्या मजल्यावर पाणी का येत नाही, असं कुणी विचारलं की आमचं छापील उत्तर तेच. मी ज्ञानकोशांकडे अशा नजरेनं पाहिलं, की ते प्रथमच गप्प बसले. "काका," मी म्हणालो, "कारखाना खाली असेल तर त्याला वर घेऊ."

आम्ही दोघांनी मिळून कॉम्प्युटर उलटा केला. डोकं खाली, पाय वर. खाली टेबलावर सोफ्याची एक उशी ठेवली, मागून दुसरी लावली, ज्ञानकोशांनी दोन्ही बाजूंनी धरलं आणि मी फवारा मारला. काय सुरेख ओघळत होतं पाणी! कारखान्याला थेंब न लागता सरळ खाली उशीत. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते इतकं उपयोगी असेल, असं मला कधी वाटलं नव्हतं. फेस गेला, पावडर गेली, तेल गेलं. काच अशी लखलखली की ज्ञानकोशांनी तिच्यात बघून केस नीट केले. सुलटा केला, पुसला, थोडा वेळ पंख्याखाली ठेवला आणि सुरू केला. लागला! आम्ही एकमेकांचा हात हातात घेऊन हलवला. मी चहा टाकला.

चहा पिता पिता ज्ञानकोश म्हणाले, "उजवीकडे वर काय आहे हो ते?"

उजवीकडच्या वरच्या कोपऱ्यात एक काळा ठिपका होता. मला वाटलं माशी. मी फुंकर मारली. माशी उडाली नाही, मोठी झाली. टीपकागदावर शाई पसरावी तशी ती आमच्या डोळ्यांदेखत पसरत गेली, आणि चहा संपेपर्यंत स्क्रीनचा उजवीकडचा वरचा चौथा हिस्सा काळा ठिक्कर पडला.

उलट्या कॉम्प्युटरची खालची बाजू म्हणजे सुलट्या कॉम्प्युटरची वरची बाजू, हे मला आता कुणी सांगू नका. सगळं पाणी त्या कडेच्या फटीत जाऊन बसलं होतं आणि यंत्र सुलटं होताच उताराकडे निघालं होतं. आमच्या खात्यात आम्ही म्हणतो, कुठंतरी पाणी मुरतंय. ते मुरताना मी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं. माझ्या तोंडचं मात्र पळालं होतं.

"सुलटा करायची घाई केलीत," ज्ञानकोश म्हणाले. "तिथंच चुकलात."

मग जे झालं ते थोडक्यात सांगतो, कारण मला अजून कसंसंच होतं. समोरच्या वहिनी घरीच पार्लर चालवतात, त्यांनी केस वाळवायचं यंत्र आणलं आणि बजावलं, "भावजी, गार हवेवर ठेवा हं." गार हवेनं डाग तसूभर हलला नाही. ज्ञानकोश म्हणाले, गरमवर करा. गरमवर केल्यावर डागाला मधोमध एक हिरवी रेघ फुटली. वहिनी म्हणाल्या, "आमच्या गिऱ्हाइकांना असं होत नाही," आणि यंत्र घेऊन निघून गेल्या. गोंधळानं कन्या उठून आली. तिनं स्क्रीन पाहिली, चिंब उशी पाहिली, माझं बनियन पाहिलं. तोंडावर हात ठेवून परत पांघरुणात गेली. बोलली असती तर बरं झालं असतं.

मी कंपनीच्या तक्रार केंद्राला फोन लावला. फोनवरच्या बाईनं अत्यंत गोड आवाजात विचारलं, "पाणी पडलं का पाडलं?"

"म्हणजे?"

"पडलं असेल तर अपघात. पाडलं असेल तर निष्काळजीपणा. दोन्हीचे विभाग वेगळे आहेत, सर."

"शिंपडलं," मी म्हणालो. त्याला विभाग नव्हता. तुमच्याकडे विभाग नसेल तर माणसानं काय करायचं, हे वाक्य मी आजवर पलीकडून ऐकत आलो होतो. पुढं कळलं की बिल हिच्या नावावर असल्यामुळे तक्रारही हिनंच करायची. दुसऱ्या कुणाची घेतली जात नाही. मी फोन ठेवला. ज्ञानकोशांकडे पाहिलं. ते म्हणाले, "त्यात काय? फोनवर तुम्हीच तुमची बायको व्हा."

मी पुन्हा फोन लावला. आवाज बारीक केला. "हॅलो, मी बोलतेय. कॉम्प्युटर माझाच आहे."

"मॅडम, तुम्हाला सर्दी झालीय का?"

"हो ना," मी आणखी बारीक झालो. "सकाळपासून पाण्यात हात आहेत. आणि घरात आमचे हे, एक काम धड करतील तर शपथ! मी सांगून गेले होते, हात लावू नका म्हणून..."

भूमिकेत शिरलो की मला भान राहत नाही. ज्ञानकोश मात्र डोळ्यांनी दाराकडे खुणा करत होते. दारात ही उभी होती. खांद्यावर पर्स, हातात चावी, आणि समोर उघड्या अंगानं बायकी आवाजात स्वतःचीच तक्रार करणारा नवरा.

"चालू द्या," ही म्हणाली. "बरोबर बोलताय."

ज्ञानकोश कधी गेले ते समजलंच नाही. जायच्या बाबतीत ते कधी चुकत नाहीत.

मला वाटलं, आता आभाळ कोसळणार. ही ओरडेल, मी ओरडेन, संध्याकाळपर्यंत मिटेल. पण हिनं कॉम्प्युटर सुरू करून पाहिला, बंद केला आणि चपला न काढता सोफ्यावर जाऊन बसली. तशीच, मागच्या दोन वेळांसारखी. फरक इतकाच की यावेळी मुलाखत अजून व्हायची होती.

"अगं, बोल काहीतरी," मी म्हणालो.

"काय बोलू?" ही म्हणाली. "मला त्या खुर्चीचा सोस नाही हो. पण नवीन माणूस येणार बाहेरचा, आणि कुठलं पुस्तक कुठल्या कपाटात आहे हे मी त्याला सांगत बसणार. तो मला विचारणार, तुम्ही का नाही झालात? मी काय सांगू? एका भुवईला घाबरले?"

मला भयंकर वाईट वाटलं. खोटं कशाला सांगू, डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या दिवशी तरी मला पाण्याचं नाव नको होतं.

कन्येनं टीव्ही जोडून पाहिला, वायरचं तोंड जुळेना. मी संस्थेच्या कार्यालयात फोन केला, की यंत्र बदलायचंय, काय करावं लागेल? फोन पहारेकऱ्यानं उचलला. म्हणाला, त्याचा अर्ज असतो. अर्ज कुठं मिळेल? कार्यालयात. कार्यालय कधी उघडेल? सोमवारी अकराला. आणि मुलाखत दहाला! असं वेळापत्रक आखायला अक्कल लागते, ती फक्त आमच्यासारख्या लोकांकडे असते, आणि त्या क्षणी मला आमच्या सगळ्यांचा मनस्वी राग आला.

शेवटी हीच म्हणाली, "राहू दे. तीन हिस्से दिसतायत ना? तेवढं पुरे." आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "आजपासून या घरात तुम्ही काहीही पुसायचं नाही. स्वतःचा चष्मासुद्धा नाही. मी पुसून देत जाईन."

सोमवारी सकाळी ही इस्त्रीचे कपडे घालून त्या काण्या कॉम्प्युटरसमोर बसली. मी आणि कन्या स्वयंपाकघरात, दार किलकिलं, कान बाहेर. शुक्रवारी कारकुनानं सांगितलं होतं, की स्क्रीनवर चार चौकोन दिसतील. तीन चौकोन दिसले. एका चौकोनात अध्यक्षबाई, दुसऱ्यात नाक ओढणारे प्राध्यापक, खाली तिसऱ्यात एक टक्कलवाले. चौथा चौकोन डागाखाली.

हिनं झटकन स्वयंपाकघराकडे मान वळवली. इतका फुललेला चेहरा मी लग्नानंतर फारसा पाहिला नव्हता. ओठ हलवून ही म्हणाली, "नाहीयेत! आलेच नाहीत!" आणि डागाकडे बोट दाखवून, "कारकून!"

मग काय विचारता! वर्गीकरणाचा प्रश्न आला. जाडी नाही न् काही नाही, हिनं अशी घडाघडा पद्धत सांगितली की प्राध्यापक नाक ओढायचं विसरले. अनुभव विचारला, हिनं सांगितला. तेवढ्यात डागातून एक घोगरा आवाज आला. "वाचनकक्षात मुलं झोपतात म्हणे. त्याचं काय?"

"झोपू द्या की," ही म्हणाली. "झोपायला का होईना, येतात. जाग आली की समोर पुस्तक असतं. घरी झोपली तर समोर काय असतं?"

माझ्या शेजारी कन्या उभीच्या उभी उडाली. मग डाग म्हणाला, "आणि वर्षानुवर्षं कुणी हात न लावलेली पुस्तकं? रद्दीत का घालू नयेत?"

"हे पाहा," ही म्हणाली, आणि तिनं खाकरलं. तेच ते, चाळीस टाळकी गप्प करणारं खाकरणं. "तुम्ही नोंदी घ्यायला बसलाय ना? मग आधी त्या नीट घ्या. प्रश्न समिती विचारेल."

अशी शांतता पसरली की आमच्या नळाची गळती ऐकू आली. ती तक्रार माझ्याच टेबलावर आहे. अध्यक्षबाईंनी तोंडावर रुमाल धरला होता, असं हिनं नंतर सांगितलं. बाई म्हणाल्या, "असू दे, पण उत्तर द्या त्यांना."

"देते," ही म्हणाली. "गेल्या पावसाळ्याच्या आधी एका मुलीनं असंच एक पुस्तक मागितलं. कार्डावर कुणाची सहीच नव्हती, कोरं. मी धूळ झटकून दिलं. ते हातात घेताना तिचा चेहरा पाहायला हवा होता तुम्ही. एवढे दिवस ते पुस्तक फुकट उभं होतं असं कोण म्हणेल? ते तिची वाट पाहत होतं. रद्दीत किलोचा भाव मिळतो, तसा चेहरा मिळत नाही."

डागातून नुसता पेन खरडल्याचा आवाज आला.

मुलाखत संपल्यावर ही नाचतच स्वयंपाकघरात आली. चपला घातल्याच नव्हत्या, म्हणून काढायचा प्रश्न आला नाही. "बरं झालं ते आले नाहीत! आणि तो कारकून! शुक्रवारी किती नरम होता, आणि आज बघा, चढलाय नुसता!"

आठवड्यानं त्याच कारकुनाचा फोन आला. हिनं फोन मोठ्या आवाजावर ठेवला.

"अभिनंदन, बाई! झालात तुम्ही. पत्र येईलच. त्या दिवशी मला यायला जमलं नाही, रजेवर होतो, पण आल्यावर ऐकलं सगळं."

"रजेवर?" ही म्हणाली. "मग तो चौथा चौकोन?"

"साहेबांचा की! काय जादू केलीत तुम्ही त्यांच्यावर? आजवर समितीत बोलले नव्हते ते. म्हणाले, मी भुवई वर केली की भल्याभल्यांची बोबडी वळते. या बाईंसमोर पाऊण तास वर धरली, कपाळ दुखायला लागलं, यांनी ढुंकून पाहिलं नाही! शेवटी मला बोलावं लागलं, तर मलाच दटावलं. म्हणाले, हीच बाई पाहिजे. बरं, आता दर महिन्याला तुमची आणि साहेबांची बैठक. समोरासमोर."

ही मटकन सोफ्यावर बसली. त्या उशीवर. ती अजून ओलसर होती.

खरं तर माझ्याकडे बोलण्यासारखं पुष्कळ होतं. पाणी कुणी मारलं? यंत्र उलटं कुणी केलं? नेमक्या चौथ्या हिश्श्यात पाणी कुणी मुरवलं? ज्ञानकोश तर जिन्यात ज्याला त्याला सांगत होते की कल्पना त्यांची. पण मी मोठ्या मनानं गप्प राहिलो आणि फक्त दिवसातून दोनतीनदा स्क्रीनच्या डागाकडे पाहून समाधानानं मान हलवत राहिलो. कंपनीचा माणूस दुरुस्तीला आला, तर हिनं त्याला दारातूनच परत पाठवलं. माझ्यावरची बंदी मात्र उठली नाही. माझा चष्मा अजून हीच पुसून देत होती.

मग पहिल्या बैठकीचा दिवस उजाडला. हिनं चहा तसाच ठेवला. इस्त्रीचे कपडे, पर्स, नवीन पेन, सगळं झालं आणि दाराशी जाऊन उभी राहिली. चपला पायात, पण पाय उचलेना.

"अगं, निवड तर झाली," मी म्हणालो. "आता काय खाणारेत का ते तुला?"

"समोर बसणार आहेत हो ते," ही म्हणाली. "टेबलाच्या पलीकडे."

मी यावेळी धीर दिला नाही. एकदा अनुभव घेतला होता. मग तिनं चष्मा काढला आणि माझ्यापुढे धरला.

"पुसून द्या."

माझा कानांवर विश्वास बसेना. बंदी उठली! मी धावत जाऊन डबी आणली, त्यातलं ते तिकिटाएवढं फडकं काढलं, मऊ, कोरडं, आणि हलक्या हातानं सुरुवात करणार, इतक्यात हिनं माझा हात धरला.

"ते नको," ही म्हणाली. "तुमचं बनियन आणा."